सोडून जाण्याची किंमत दरपत्रकात नसते

संगणक प्रणाली निवडण्यासाठी सल्ला घ्यायला येणारे ग्राहक बहुधा तीन-चार कंपन्यांची दरपत्रके बरोबर घेऊन येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यांतली चांगली कंपनी कोणती?" या प्रश्नाला मी थेट उत्तर देत नाही. यांपैकी प्रत्येक कंपनी तीन वर्षांनी सोडायची वेळ आली तर किती महिने लागतील आणि किती खर्च येईल, असे मी उलट विचारतो. समोरचा माणूस जरा चपापतो, कारण लग्नाच्या बोलणीत काडीमोडाचा विषय काढावा तसा हा प्रश्न त्याला वाटतो. परंतु इतकी वर्षे हा व्यवसाय केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या बाजारातली खरी किंमत तीच असते. आत येण्याची किंमत स्पर्धेमुळे आटोक्यात राहते. त्यानंतर कराराच्या प्रत्येक नूतनीकरणाची किंमत मात्र तुम्हाला बाहेर पडणे किती अवघड आहे, हे पाहून ठरवली जाते.

या अडकून पडण्याला धंद्यात 'लॉक-इन' म्हणतात. त्यामागचे गणित साधे आहे. समजा, दुसऱ्या कंपनीची प्रणाली दरवर्षी २० टक्के स्वस्त पडते, पण तिच्याकडे जाण्यासाठी दोन वर्षांच्या शुल्काइतका एकरकमी खर्च येतो. दरवर्षीच्या २० टक्के बचतीतून तो खर्च भरून निघायला १० वर्षे लागतील. याचा अर्थ तुमच्या सध्याच्या विक्रेत्याने बाजारभावापेक्षा बरेच जास्त घेतले, तरी शहाणा ग्राहक जागचा हलणार नाही, आणि हे विक्रेत्यालाही पक्के ठाऊक असते. यात फसवणूक काहीच नाही. सगळे काही करारात लिहिलेले असते आणि करारावर तुमची सही असते.

पुढे जाण्यापूर्वी 'स्वतंत्र सल्लागार' या शब्दाबद्दल थोडे सांगायला हवे. मला पैसे फक्त ग्राहक देतो. कोणत्याही कंपनीकडून मी दलाली घेत नाही. असे सांगणारे पुष्कळ असतात, म्हणून माझ्यासह प्रत्येक सल्लागाराला सुरुवातीलाच विचारून घ्यावे, की या व्यवहारात तुम्हाला आणखी कोणाकडून काही मिळते का. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे भागीदार कार्यक्रम असतात, त्यांत परवाने विकून दिल्याबद्दल टक्केवारी मिळते आणि विक्री वाढली की भागीदाराचा दर्जाही वाढतो. अशा भागीदाराने दिलेला सल्ला खोटाच असतो असे नाही. त्याला त्या कंपनीची प्रणाली खरोखर चांगली कळते, आणि अडचणीत तोच लवकर कामाला येतो. फक्त ती प्रणाली घेऊच नका, असा सल्ला त्याच्या तोंडून निघण्याची शक्यता कमी असते.

बाजाराचे विश्लेषण करणाऱ्या कंपन्यांचे अहवालही याच नजरेने वाचावेत. १९७९ मध्ये स्थापन झालेली गार्टनर ही त्यांतली सर्वांत नावाजलेली कंपनी. तिच्या 'मॅजिक क्वाड्रंट' नावाच्या आकृतीत वरच्या उजव्या चौकोनात जागा मिळाली, की विक्रेते ती आकृती प्रत्येक सादरीकरणात लावतात. गार्टनरच्या ग्राहकांमध्ये प्रणाली विकत घेणाऱ्या संस्था असतात, तशाच विकणाऱ्या कंपन्याही असतात. त्या आकृतीतली जागा पैसे मोजून मिळते, असे मला अजिबात म्हणायचे नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या आकृतीला दोन अक्ष आहेत: एक अंमलबजावणीच्या क्षमतेचा आणि दुसरा दूरदृष्टीच्या परिपूर्णतेचा. ग्राहकाला या कंपनीपासून किती सहज वेगळे होता येईल, हे दाखवणारा तिसरा अक्ष त्यात नाही, आणि ग्राहकाला खरी गरज त्याचीच असते.

लॉक-इन ही इंटरनेटच्या काळातली करामत आहे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने 'सिस्टिम ३६०' ही संगणकांची मालिका जाहीर केली. त्याआधी मोठा संगणक घ्यायचा म्हणजे जुन्या संगणकासाठी लिहिलेले प्रोग्राम बहुधा नव्याने लिहावे लागत. या मालिकेत लहान यंत्रावर लिहिलेला प्रोग्राम मोठ्या यंत्रावरही चालेल, अशी सोय होती. ग्राहकाच्या दृष्टीने हे वरदान होते. पण त्याच सोयीमुळे संस्थांनी हजारो प्रोग्राम त्या एकाच रचनेसाठी लिहिले, आणि ते टाकून दुसऱ्या कंपनीकडे जाणे दर वर्षी अधिकाधिक महाग होत गेले. चांगली सोय आणि मजबूत दोरी या दोन वेगळ्या वस्तू नसतात, हे या उदाहरणातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून दिसते.

त्या काळी सॉफ्टवेअर आणि तांत्रिक मदत यांची किंमत यंत्राच्या भाड्यातच धरलेली असे. अमेरिकी सरकारने जानेवारी १९६९ मध्ये आयबीएमवर मक्तेदारीविरोधी खटला भरला, आणि त्याच वर्षी २३ जूनला कंपनीने सॉफ्टवेअर व सेवा यांचे दर वेगळे आकारण्याचा निर्णय जाहीर केला. सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू आहे, ही आज स्वाभाविक वाटणारी कल्पना रुजायला या निर्णयाने मोठा हातभार लावला. पुढे 'सिस्टिम ३६०'च्या रचनेतले एक प्रमुख अभियंते जीन अमडाल यांनी १९७० मध्ये आयबीएम सोडली, स्वतःची कंपनी काढली आणि १९७५ पासून असे संगणक द्यायला सुरुवात केली, ज्यांवर आयबीएमसाठी लिहिलेले प्रोग्राम जसेच्या तसे चालत. म्हणजे ग्राहकाला बाहेर पडण्याचे दार दिसले. आयबीएमचा विक्री प्रतिनिधी येणार असेल त्या दिवशी अमडाल कंपनीचा कॉफीचा मग मेजावर ठेवायचा, की भाव आपोआप उतरतो, असा किस्सा या धंद्यात अजून सांगितला जातो. किस्सा कितपत खरा आहे ते असो, त्यातले अर्थशास्त्र अगदी खरे आहे. मग ठेवणाऱ्याला यंत्र बदलायचेच असते असे नाही. आपण बदलू शकतो एवढे समोरच्याला दिसले की पुरते.

ग्राहकाच्या मनात भीती, अनिश्चितता आणि शंका पेरण्याच्या विक्रीतंत्राला संगणक क्षेत्रात जे 'फड' (FUD: फिअर, अनसर्टन्टी, डाउट) हे आद्याक्षरी नाव रुळले, त्याचे श्रेयही अमडाल यांनाच दिले जाते. दुसऱ्याचे यंत्र घेतले आणि काही बिघडले तर जबाबदार कोण, एवढा एक प्रश्न सौम्य आवाजात विचारला की काम होते. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या नोकरीची काळजी असते, ही गोष्ट विक्रेत्याला तंत्रज्ञानाइतकीच चांगली ठाऊक असते.

आता ही दोरी नेमकी कशाकशाची विणलेली असते ते पाहू. सर्वांत जाड धागा डेटाचा.

"डेटा तुमचाच आहे" हे वाक्य प्रत्येक विक्रेता म्हणतो आणि कायद्याच्या दृष्टीने ते बहुधा खरेही असते. पण मालकी असणे आणि वस्तू वापरण्याजोग्या स्थितीत हातात पडणे यांत मोठे अंतर आहे. एका मध्यम आकाराच्या उत्पादक कंपनीने अकरा वर्षे वापरलेली हिशेब आणि गोदामाची प्रणाली बदलायचे ठरवले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. विक्रेत्याने करारानुसार सगळा डेटा दिला. पहिल्या फाइलमध्ये ग्राहकांची यादी होती, दुसरीत बिलांची, तिसरीत बिलांतल्या ओळींची. कोणती ओळ कोणत्या बिलाची हे सांगणारा क्रमांक प्रणालीच्या पोटात होता, तो मात्र फाइलमध्ये उतरला नव्हता. बिलांना जोडलेल्या स्कॅन केलेल्या प्रतींची नावे नुसते आकडे होते. तारखा मजकूर म्हणून आल्या होत्या, काही ठिकाणी दिवस आधी आणि काही ठिकाणी महिना आधी. ग्राहकांचे सांकेतिक क्रमांक शून्याने सुरू होत असत. फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडताच ते शून्य गळून पडले आणि दोन वेगळे ग्राहक एकच झाले. कोणत्या नोंदीत कोणी कधी बदल केला, हा इतिहास तर दिलाच नव्हता.

एखाद्या जाड खतावणीची शिवण उसवावी, पाने सुटी करावीत, पानांवरचे क्रमांक खोडावेत आणि मग गठ्ठा हातात द्यावा, तसा हा प्रकार होता. एकही पान कमी नव्हते. पण डेटाचा अर्थ नोंदींमध्ये जितका असतो तितकाच त्या नोंदींच्या परस्परसंबंधांत असतो, आणि तो संबंधच हरवला होता. रकमा आणि तारखा ताडून ओळी बिलांना पुन्हा जोडण्यात पाच महिने गेले. ते काम करणाऱ्या हिशेब विभागातल्या दोघींना नवी प्रणाली कशी आहे हे पाहायलाही फुरसत मिळाली नाही.

फाइलची रचना गुप्त असणे हाही याच धाग्याचा एक पीळ. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जुन्या फाइल कशा वाचायच्या, याचे संपूर्ण तांत्रिक वर्णन त्या कंपनीने २००८ मध्ये सर्वांसाठी खुले केले. तोवर इतर सॉफ्टवेअर लिहिणारे लोक अंदाज बांधत, आणि त्यामुळे दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये उघडलेल्या पत्राचा समास हलायचा किंवा तक्ता तुटायचा. दरम्यान ओपन डॉक्युमेंट ही खुली रचना २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि मायक्रोसॉफ्टची नवी रचना २००८ मध्ये. आज साध्या पत्रांच्या आणि तक्त्यांच्या बाबतीत हा प्रश्न बराच निवळला आहे. तो आता ऑनलाइन सेवांकडे सरकला आहे, कारण तिथे मुळात फाइलच नसते.

दुसरा धागा परवान्याचा. सॉफ्टवेअर 'विकत घेतले' असे आपण म्हणतो, पण विकत घेतो तो वापरण्याचा परवाना, आणि त्याच्या अटी कोण केव्हा बदलू शकतो हे महत्त्वाचे ठरते. पूर्वी एकदा पैसे भरले की ती आवृत्ती कायम वापरता येई. नवी आवृत्ती आवडली नाही तर जुनीवर भागत असे. अडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केले की, चित्र आणि मांडणीच्या आपल्या सॉफ्टवेअर संचाच्या यापुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणी भरून मिळतील. वर्गणीला माझा तात्त्विक विरोध नाही, कारण लहान व्यावसायिकाला सुरुवातीची मोठी रक्कम भरावी लागत नाही हा खरा फायदा आहे. मात्र 'यंदा काहीच खरेदी करायचे नाही' हा ग्राहकाचा जुना, फुकटचा आणि प्रभावी पर्याय त्यात नाहीसा होतो.

अटी बदलल्यावर काय घडते, हे अलीकडच्या दोन घटना शेजारी ठेवल्या की नीट कळते.

पहिली घटना जावाची. जावा हे प्रोग्राम लिहिण्याचे आणि चालवण्याचे सर्वत्र वापरले जाणारे साधन सन कंपनीचे होते. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. जानेवारी २०२३ मध्ये ओरॅकलने जावाच्या वर्गणीची मोजपट्टी बदलली आणि वर्गणी संस्थेतल्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आकारायला सुरुवात केली. जावा किती जण वापरतात याला त्यात महत्त्व उरले नाही. रखवालदार, वाहनचालक, अर्धवेळ कर्मचारी आणि कंत्राटी माणसे, असे सगळे त्या मोजणीत येतात. दहा जणच जावा वापरत असलेल्या हजार माणसांच्या कंपनीला हे किती जड जाईल, ते सांगायला नको.

दुसरी घटना व्हीएमवेअरची. एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवण्याचे हे सॉफ्टवेअर असंख्य संस्थांच्या सर्व्हरखोल्यांचा पाया आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ही कंपनी ताब्यात घेतली आणि महिन्याभरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून सगळे काही वर्गणीवर नेले. अनेक उत्पादने थोड्या संचांत बांधली गेली, त्यामुळे एकच वस्तू हवी असलेल्या ग्राहकाला अख्खी टोपली घ्यावी लागली.

वरवर दोन्ही घटना सारख्याच वाटतात: मालक बदलला, मोजपट्टी बदलली, बिल वाढले. परिणाम मात्र वेगळे झाले. जावाचे मुक्त रूप, म्हणजे ज्याची संहिता कोणीही पाहू, वापरू आणि बदलू शकतो असे रूप, आधीपासून उपलब्ध होते आणि त्यावरून तयार केलेल्या प्रती इतर संस्थांकडून मोफत मिळत होत्या. पुष्कळ ठिकाणी ओरॅकलची प्रत काढून दुसरी बसवणे हे काही आठवड्यांचे, कंटाळवाणे पण आवाक्यातले काम होते. व्हीएमवेअरच्या ग्राहकाला असे दार नव्हते. पर्यायी सॉफ्टवेअर आहेत, पण शेकडो आभासी यंत्रे हलवायची, बॅकअपची व्यवस्था नव्याने लावायची, कर्मचाऱ्यांना नवे शिकवायचे आणि हे सगळे चालू कामात खंड न पाडता करायचे, याला वर्ष-दोन वर्षे सहज लागतात. कंपनी चांगली की वाईट, या चर्चेत मला फारसा रस का नाही, ते यावरून कळेल. कंपनीची मालकी बदलू शकते, धोरण बदलू शकते, मैत्रीपूर्ण प्रतिनिधी नोकरी सोडू शकतो. दार मात्र तुमच्या बाजूचे असते आणि ते आधीच बांधून ठेवता येते.

क्लाउडच्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे संगणक इंटरनेटवरून भाड्याने वापरण्याच्या, बाबतीत हा विषय आणखी रंजक होतो. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये डेटा साठवण्याची सेवा सुरू केली आणि त्यानंतर जी दररचना बाजारात रुळली तिचे तत्त्व असे, की डेटा आत आणायला शुल्क नाही, बाहेर न्यायला आहे. साठा लहान असताना हे जाणवत नाही. १०० टेराबाइट साठा प्रति सेकंद एक गिगाबिट वेगाच्या जोडणीवरून हलवायचा झाला, तर जोडणी अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालली तरी नऊ दिवसांहून जास्त लागतात, आणि प्रत्यक्षात जोडणी कधीच पूर्ण क्षमतेने चालत नाही. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१६ मध्ये 'स्नोमोबाइल' नावाची सेवा जाहीर केली होती. ४५ फुटी कंटेनर लादलेला ट्रक ग्राहकाच्या दाराशी येई, १०० पेटाबाइटपर्यंत (एक पेटाबाइट म्हणजे हजार टेराबाइट) डेटा भरून घेई आणि क्लाउडकडे परत जाई. ही सेवा डेटा आत नेण्यासाठीच होती. बाहेर आणण्यासाठी तो ट्रक मिळत नसे. त्यासाठी लहान पेट्यांची वेगळी सेवा होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण ट्रक एकाच दिशेने भरून जातो, हे चित्र माझ्या मनातून काही केल्या जात नाही.

नियमांचा दाब आल्यावर हे थोडे बदलले. २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकाकडून डेटा बाहेर नेण्याचे शुल्क न घेण्याची सवलत जाहीर केली. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, त्यानुसार १२ जानेवारी २०२७ नंतर सेवा बदलण्यासाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येणार नाही. हे स्वागतार्ह आहे, पण त्याने हुरळून जाऊ नये. डेटा बाहेर नेण्याचे शुल्क हा क्लाउडच्या दोरीतला बारीक धागा आहे. जाड धागा असतो त्या क्लाउडवरच मिळणाऱ्या खास सेवांचा. डेटाबेस, प्रोग्रामांनी एकमेकांना निरोप पाठवण्याची सोय, वापरणाऱ्याची ओळख पटवण्याची व्यवस्था, सूचना पाठवण्याची सोय हे सगळे तयार मिळते म्हणून प्रोग्राम लिहिणारे ते वापरतात, काम झटपट होते, आणि दोन वर्षांनी लक्षात येते की प्रोग्राम दुसरीकडे हलवायचा म्हणजे अर्धा पुन्हा लिहायचा.

मग मुक्त सॉफ्टवेअर वापरले की सुटलो का? काही अंशी. तिथेही परवाना बदलतो. डेटात शोध घेणाऱ्या इलॅस्टिकसर्चच्या कंपनीने २०२१ मध्ये, क्लाउडची मांडणी करणाऱ्या टेराफॉर्मच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि झटपट लागणारा डेटा साठवणाऱ्या रेडिसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरचा मुक्त परवाना बदलून अधिक बंधने असलेला परवाना आणला. फरक असा की, आधीच्या आवृत्तीची संहिता सर्वांच्या हाती होती. तिच्यावरून ओपनसर्च, ओपनटोफू आणि वाल्की हे स्वतंत्र प्रकल्प उभे राहिले आणि ग्राहकांना जाण्यासाठी जागा झाली. इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये पुन्हा मुक्त परवान्याचा पर्याय दिला. उघड्या दाराचा धाक असतो तो असा.

इथे विक्रेत्यांची बाजूही मांडली पाहिजे. कोणत्याही दोरीत अडकायचे नाही, असा हट्ट धरणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत आणि त्यांचे हाल अधिक होतात. एकाच वेळी दोन क्लाउडवर चालेल अशी प्रणाली बांधण्याचा आग्रह हा त्यातला महागडा प्रकार. दोन्हीकडे जे समान आहे तेवढेच वापरता येते, दोन्हीकडची माणसे ठेवावी लागतात, बिघाड शोधायला दुप्पट वेळ लागतो, आणि स्थलांतराची वेळ बहुतेकदा येतच नाही. पाच माणसांच्या कार्यालयाने या भानगडीत मुळीच पडू नये. त्यांनी एखादी ऑनलाइन सेवा खुशाल घ्यावी, फक्त ईमेलचा पत्ता स्वतःच्या डोमेनवर (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावर) ठेवावा आणि ते डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवावे. मग ईमेलची कंपनी उद्या बदलली तरी पत्ता तोच राहतो. इतक्या कमी खर्चात मिळणारे स्वातंत्र्य या क्षेत्रात दुसरे नाही, आणि तरीही संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर डोमेन राहिले आणि तो माणूस आता फोन उचलत नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतच राहतात.

सल्लागारही दोरी असू शकतो, हे कबूल केले नाही तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका ग्राहकासाठी मी रात्री आपोआप चालणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. दिवसभराच्या विक्रीचा गोषवारा तो सकाळी तयार ठेवी. तो कोणत्या यंत्रावर आहे, कोणत्या पासवर्डने चालतो आणि अडला तर काय करायचे, हे मी कुठेही लिहून ठेवले नव्हते. मी आजारी पडलो, त्याच आठवड्यात पासवर्डची मुदत संपली आणि गोषवारा बंद झाला. ग्राहकाने मला दोष दिला नाही. उलट "तुमच्यावाचून आमचे अडते" असे कौतुकाने म्हटले. ते कौतुक मला आजही बोचते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवांबद्दल हल्ली रोज विचारले जाते, म्हणून त्याविषयी थोडक्यात. या सेवांना जोडण्याची पद्धत बरीच सारखी असल्याने एकीकडून दुसरीकडे जाणे वरकरणी सोपे आहे. पण एका मॉडेलला, म्हणजे उत्तरे तयार करणाऱ्या प्रणालीला, नीट कळतील अशा सूचना महिनोन्महिने घडवल्या जातात, आणि विक्रेता आपल्या वेळापत्रकाप्रमाणे जुने मॉडेल बंद करून नवे आणतो, ज्याचे वागणे थोडे वेगळे असते. म्हणून तुमच्या कामातले खरेखुरे शंभर-दोनशे प्रश्न आणि त्यांची तुम्हाला मान्य असलेली उत्तरे, असा संच स्वतःजवळ ठेवावा. नवे मॉडेल आले की आधी त्याची परीक्षा घ्यावी. मॉडेल त्यांचे असले तरी परीक्षेचा पेपर तुमचा असावा.

परीक्षेवरून आठवले. विक्रेत्याने तयार केलेल्या डेमोवर किती विसंबावे, याचे उत्तर २००१ सालच्या एका प्रसंगात आहे. एटीआय कंपनीच्या नव्या ग्राफिक्स कार्डाची चाचणी 'क्वेक' या लोकप्रिय खेळावर घेतली जात होती. परीक्षकांनी खेळाच्या फाइलचे नाव बदलून 'क्वॅक' केले. वेग लगेच उतरला आणि चित्राचा दर्जा सुधारला. कार्डाचे सॉफ्टवेअर फाइलचे नाव ओळखून चित्राच्या दर्जात काटछाट करत होते. परीक्षा कोणती आहे हे ठाऊक असलेला विद्यार्थी तेवढाच धडा पाठ करतो.

म्हणून डेमो पाहताना मी ग्राहकाला स्वतःचा डेटा न्यायला सांगतो, तोही नीटनेटका केलेला नव्हे, तर दुबार नोंदी, चुकीच्या तारखा आणि अर्धवट पत्ते असलेला, जसा आहे तसा. तो आत भरून झाला की लगेच, त्याच बैठकीत, सगळा बाहेर काढून द्या असे म्हणायचे. जे बाहेर येईल ते विक्रेत्याच्या माणसाच्या मदतीशिवाय आपल्या साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडायचे आणि पाहायचे की बिल आणि बिलाची ओळ यांचा संबंध टिकला आहे का, शून्ये जागेवर आहेत का, जोडलेल्या प्रती ओळखू येतात का. अर्ध्या तासाचे हे काम आहे. करारात चार गोष्टी असल्याशिवाय सही करू नये, असे माझे मत आहे: डेटा कोणत्या रचनेत मिळेल, करार संपल्यावर किती दिवस प्रणाली निदान वाचण्यापुरती उघडी राहील, स्थलांतराला मदत लागली तर तासाचा दर काय, आणि नूतनीकरणाच्या वेळी दर जास्तीत जास्त किती टक्के वाढेल. करार आपोआप पुढे सुरू राहण्याचे कलम असेल तर नोटिशीची तारीख दिनदर्शिकेत आजच लिहावी, कारण ही तारीख बहुधा करार संपण्याच्या दोन-तीन महिने आधीची असते आणि ती उलटल्यावर घासाघीस करायला काही उरत नाही. घासाघीस करायची तर विक्रेत्याच्या तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात करावी.

वर सांगितलेल्या त्या उत्पादक कंपनीने नव्या प्रणालीसाठी तीन विक्रेत्यांना एकच प्रश्न लेखी विचारला होता: आम्ही तुम्हाला सोडले तर आमचा डेटा आम्हाला कसा मिळेल? एकाने कायदेशीर कलमांची लांबलचक फाइल पाठवली. दुसऱ्याने दुसऱ्याच दिवशी नमुना म्हणून बाहेर काढलेल्या डेटाचा संच पाठवला. तिसऱ्याच्या प्रतिनिधीने फोन करून काळजीच्या सुरात विचारले, "आमच्याकडून काही चुकले का? तुम्ही आम्हाला सोडायच्या विचारात आहात का?" त्या वेळी त्यांच्याशी कसलाही व्यवहार झालेला नव्हता. शेवटी प्रणाली घेतली ती त्या तिसऱ्याचीच, कारण गोदामाच्या कामात ती खरोखर उजवी होती. मात्र डेटाची रचना आणि दरवाढीची मर्यादा करारात घालून घेतल्यानंतरच. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हिशेब विभागातली एक कर्मचारी संपूर्ण डेटा बाहेर काढते, स्प्रेडशीटमध्ये उघडते, ओळींची संख्या प्रणालीतल्या संख्येशी ताडून पाहते आणि वहीत सही करते. पाच महिने बिलांच्या ओळी जुळवत बसलेल्या त्या दोघींपैकीच ती एक.